तीव्र आम्ल, संहत आम्ल आणि धातू : अभिक्रियेचा वेग नेमका कशावर ठरतो?

ब्रिटनमधील माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांना एक प्रयोग हमखास भेटतो. शंकुपात्रात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचे, त्यात मॅग्नेशियमच्या फितीचा लहानसा तुकडा टाकायचा, तोंडाला बूच लावायचे आणि निघणारा वायू नळीवाटे सिरिंजमध्ये गोळा करून दर दहा सेकंदांनी त्याचे आकारमान टिपायचे. जीसीएसईच्या परीक्षेत या प्रयोगावर प्रश्न येतो आणि त्याला बहुधा एक जोडप्रश्न असतो : हायड्रोक्लोरिक आम्लाऐवजी तेवढेच आणि तेवढ्याच संहतीचे ॲसेटिक आम्ल घेतले, तर काय बदलेल आणि काय बदलणार नाही?

बुडबुडे मंदावतील, हे बहुतेकांना सांगता येते. ‘काय बदलणार नाही’ या दुसऱ्या भागावर मात्र पुष्कळांचे गुण जातात. त्याचे मूळ रसायनशास्त्राइतकेच भाषेतही आहे. इंग्रजी बोलण्यात ‘स्ट्राँग’ आणि ‘वीक’ हे शब्द चहापासून आम्लापर्यंत सर्वत्र सैलपणे वापरले जातात. पाणी घातलेले आम्लही ‘वीक’ आणि मुळातच सौम्य असलेले आम्लही ‘वीक’. या एका शब्दाने दोन निराळ्या गोष्टी झाकल्या जातात. परीक्षेत त्याची किंमत दोन-तीन गुणांची असते, घरात मात्र ती याहून पुष्कळ मोठी असू शकते. म्हणून आम्लाची तीव्रता म्हणजे काय, धातूंशी होणाऱ्या अभिक्रियेच्या वेगाशी तिचा संबंध कसा आहे आणि तो संबंध कोठे तुटतो, हे येथे क्रमाने पाहू.

चार शब्द, दोन वेगळे प्रश्न

महाराष्ट्रात मराठी माध्यमात शिकलेल्या पालकांना येथे एक सोय आहे. आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांनी या विषयासाठी दोन स्वतंत्र जोड्या रूढ केल्या आहेत : तीव्र आणि सौम्य ही एक, संहत आणि विरल ही दुसरी.

संहत की विरल, हा प्रश्न प्रमाणाचा आहे. एक लिटर द्रावणात आम्ल किती घातले, एवढेच त्यातून कळते. पाणी वाढवले की द्रावण विरल होते. हा आपल्या हातातला बदल आहे.

तीव्र की सौम्य, हा प्रश्न त्या आम्लाच्या स्वभावाचा आहे. पाण्यात विरघळल्यावर आम्लाच्या रेणूंपैकी किती रेणू फुटून हायड्रोजन आयन मोकळे करतात, यावर त्याचे उत्तर ठरते. या फुटण्याला विचरण म्हणतात. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक आणि सल्फ्युरिक ही तीव्र आम्ले होत. विरल द्रावणात त्यांचे विचरण जवळजवळ पूर्ण होते. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत हे विधान त्याच्या पहिल्या हायड्रोजनापुरते खरे आहे, दुसरा हायड्रोजन अंशतःच सुटतो. व्हिनेगरमधील ॲसेटिक, लिंबातील सायट्रिक, चिंचेतील टार्टारिक आणि मुंगीच्या दंशातील फॉर्मिक ही सौम्य आम्ले. त्यांचे बहुतेक रेणू पाण्यात अखंडच राहतात.

म्हणजे एखादे आम्ल तीव्र असूनही विरल असू शकते आणि सौम्य असूनही संहत असू शकते. आपल्या जठररसातील हायड्रोक्लोरिक आम्ल पहिल्या प्रकारचे, तर प्रयोगशाळेतील बाटलीत मिळणारे जवळजवळ शुद्ध ॲसेटिक आम्ल दुसऱ्या प्रकारचे. हे दुसरे आम्ल त्वचेला चांगलेच भाजते. व्यवहारात आपण दोन्हींना ‘जालीम ॲसिड’ म्हणून मोकळे होतो, पण शास्त्राला त्यांच्यात भेद करावा लागतो.

धातूच्या पृष्ठभागावर काय घडते

मॅग्नेशियमचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि आयन होऊन द्रावणात उतरतो. ते दोन इलेक्ट्रॉन दोन हायड्रोजन आयन स्वीकारतात आणि त्यांपासून हायड्रोजन वायूचा एक रेणू तयार होतो. जस्त आणि लोखंड यांच्या बाबतीतही मूळ व्यवहार हाच. आम्लाचे नाव काहीही असो, धातूशी देवघेव करणारा खरा भागीदार हायड्रोजन आयन आहे.

ही देवघेव द्रावणभर होत नाही, फक्त धातूच्या पृष्ठभागावर होते. त्यामुळे अभिक्रियेचा दर दोन गोष्टींवर अवलंबून राहतो : पृष्ठभागापाशी दर क्षणाला किती हायड्रोजन आयन उपलब्ध आहेत आणि संपलेल्या आयनांची जागा नवे आयन किती लवकर घेतात. तीव्र आम्लात मोकळ्या आयनांची गर्दी असते, म्हणून सुरुवातीचा दर मोठा असतो. सौम्य आम्लात मोकळे आयन विरळ असतात, म्हणून बुडबुडे सावकाश निघतात.

धातूचा चुरा केला की पृष्ठभाग वाढतो आणि दरही वाढतो. तापमान वाढवले की तोच परिणाम होतो. मॅग्नेशियम आणि आम्ल यांच्या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते, हेही येथे लक्षात ठेवायला हवे. तीव्र आम्लात अभिक्रिया झपाट्याने होते, द्रावण अधिक लवकर तापते आणि त्या तापण्याने दर आणखी वाढतो. दोन आम्लांची तुलना न्याय्य व्हावी यासाठी म्हणूनच फितीची लांबी, आम्लाचे आकारमान, संहती आणि सुरुवातीचे तापमान या चारही गोष्टी सारख्या ठेवायच्या असतात.

आकड्यांतील फरक

लिटरमागे एक मोल संहतीचे हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले तर त्यात लिटरमागे जवळजवळ एक मोल हायड्रोजन आयन असतात. त्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लात २५ अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ०.००४२ मोलच आयन असतात. हजार रेणूंपैकी जेमतेम चार फुटलेले, बाकीचे अखंड. मोकळ्या आयनांच्या संख्येत हा सुमारे २४० पटींचा फरक आहे.

मग ॲसेटिक आम्लात अभिक्रियेचा दर २४० पटींनी कमी होतो काय? नाही. तो कमी होतो, पण इतका नाही. कारण अखंड राहिलेले रेणू निष्क्रिय बसलेले नसतात. धातूने काही आयन वापरले की समतोल ढळतो आणि तो सावरण्यासाठी आणखी रेणू फुटतात. शिवाय अखंड रेणूही पृष्ठभागापर्यंत वाहत येतात आणि तेथे पोचल्यावर आपला हायड्रोजन देऊ शकतात. तीव्र आम्लाची सगळी शिल्लक रोख स्वरूपात हाताशी असते, तर सौम्य आम्लाचा बराचसा साठा कोठारात असतो आणि मागणी येईल तसा बाहेर पडतो.

याच आम्लात पाणी घालून संहती दहा पटींनी कमी केली की एक गमतीची गोष्ट घडते. लिटरमागे ०.१ मोल ॲसेटिक आम्लात हजारातले चार नव्हे, तर सुमारे तेरा रेणू फुटलेले असतात. विचरणाचे प्रमाण तिपटीने वाढले, म्हणजे आम्ल तीव्र झाले, असा निष्कर्ष काही विद्यार्थी काढतात. तो चुकीचा आहे. रेणूच दहा पटींनी कमी झाल्यामुळे मोकळ्या आयनांची प्रत्यक्ष संहती ०.००४२ वरून ०.००१३ वर उतरते. टक्केवारी वाढते, संख्या घटते आणि दर संख्येच्या मागे जातो.

वेग वेगळा, वायू तेवढाच

आता परीक्षेतील त्या जोडप्रश्नाकडे वळू. ०.०४ ग्रॅम मॅग्नेशियम घेतले आणि आम्ल गरजेपेक्षा पुष्कळ जास्त ठेवले, तर खोलीच्या तापमानाला सुमारे ४० मिलिलिटर हायड्रोजन मिळतो. आम्ल हायड्रोक्लोरिक असो वा ॲसेटिक, हा आकडा बदलत नाही. आलेखावर पहिल्या आम्लाची रेषा ताठ चढते आणि लवकर सपाट होते, दुसऱ्याची हळूहळू चढते आणि उशिरा सपाट होते. दोन्ही सपाट होतात ती उंची एकच असते, कारण ती उंची मॅग्नेशियमच्या राशीने ठरवली आहे. तीव्रता पोचण्याचा वेळ ठरवते, पोचण्याचे ठिकाण नव्हे.

ही गोष्ट प्रथम काटेकोरपणे मोजली ती लंडनमध्ये, हेन्री कॅव्हेंडिश यांनी. १७६६ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात वायूंविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी त्यांना सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. जस्त, लोखंड आणि कथील हे धातू आम्लात विरघळवून त्यांनी निघणारा ज्वलनशील वायू मोजला. एक औंस जस्तापासून सुमारे ३५६ औंस-माप वायू निघतो, असे त्यांना आढळले. औंस-माप म्हणजे एक औंस पाणी जेवढी जागा व्यापते तेवढे आकारमान. गंधकाम्ल वापरा किंवा मिठापासून काढलेले आम्ल वापरा, जस्तासाठी हा आकडा तोच राहत असे. लोखंडासाठी तो ४१२ भरला आणि गंधकाम्लात वजनाच्या दीडपट पाणी घातले काय किंवा सातपट घातले काय, त्यात फरक पडला नाही. लोखंड जस्तापेक्षा सावकाश विरघळते, हेही त्यांनी नोंदवून ठेवले.

आजच्या अणुभारांवरून हिशोब केला तर एक औंस जस्तापासून सुमारे ३६५ औंस-माप हायड्रोजन मिळायला हवा. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या उपकरणांनी गाठलेली ही अचूकता थक्क करणारी आहे. हा वायू धातूतून बाहेर पडतो, अशी कॅव्हेंडिश यांची समजूत होती. ती पुढे चुकीची ठरली, पण मोजमाप टिकले. दर आणि एकूण उत्पादन ही दोन स्वतंत्र मापे आहेत, याचा पाया त्या आकड्यांत घातला गेला.

तीव्रतेचे मोजमाप कसे आले

काही आम्ले धातूंवर झडप घालतात आणि काही रेंगाळतात, हे कारागिरांना शतकानुशतके ठाऊक होते. त्याचे कारण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाती लागले. १८८४ मध्ये स्वान्ते ऱ्हेनियस या तरुणाने स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाला प्रबंध सादर केला. द्रावणातून वीज कशी वाहते, हा त्याचा विषय. त्या विचारातून पुढे, क्षार व आम्ले पाण्यात विद्युतभारित कणांत फुटतात, हा सिद्धान्त उभा राहिला. परीक्षकांना प्रबंध फारसा रुचला नाही आणि त्याला खालची श्रेणी मिळाली.

त्याच सुमारास रीगामध्ये विल्हेल्म ऑस्टवाल्ड निरनिराळ्या आम्लांमुळे ठरावीक अभिक्रिया किती वेगाने घडतात याची मोजणी करत होते. ऱ्हेनियस यांचा प्रबंध हाती आल्यावर त्यांनी दोन याद्या शेजारी ठेवल्या : एकीकडे आम्लांची वीज वाहण्याची क्षमता, दुसरीकडे अभिक्रियेचा दर. दोन्हींचा क्रम जुळत होता. जे आम्ल वीज अधिक वाहते, तेच अभिक्रियाही अधिक वेगाने घडवते. दोन्हींच्या मागे एकच कारण होते, मोकळे आयन. त्याच वर्षी ऑस्टवाल्ड स्वतः उप्सालाला जाऊन या तरुणाला भेटले. ऱ्हेनियस यांना १९०३ मध्ये आणि ऑस्टवाल्ड यांना १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९०९ मध्येच कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी हायड्रोजन आयनांची संहती दाखवणारे सोपे माप सुचवले. त्यालाच आपण सामू म्हणतो. सामू एका अंकाने उतरला की हायड्रोजन आयन दहा पटींनी वाढलेले असतात.

सामू सारखा असला तर?

सामू कळला की आम्लाविषयी सर्व कळले, असे अनेकांना वाटते. तसे नाही. सामू तीन असलेली दोन द्रावणे घ्या. हायड्रोक्लोरिक आम्लाचे असे द्रावण करायला लिटरमागे केवळ ०.००१ मोल आम्ल पुरते. ॲसेटिक आम्लाचे करायला मात्र सुमारे ०.०५७ मोल, म्हणजे ५७ पट आम्ल घालावे लागते.

दोन्हींत मोकळे आयन तेवढेच आहेत. आता प्रत्येकी १०० मिलिलिटरमध्ये मॅग्नेशियम टाका. हायड्रोक्लोरिक आम्लाचा साठा सुमारे १.२ मिलिग्रॅम मॅग्नेशियमबरोबर संपतो. त्याची सगळी शिल्लक रोख होती आणि ती खर्च झाली. ॲसेटिक आम्लाचा साठा हिशोबाने सुमारे ६९ मिलिग्रॅम मॅग्नेशियमला पुरतो. मोकळे आयन वापरले जातात तसे कोठारातले रेणू फुटत राहतात, दर टिकून राहतो आणि वायूही कितीतरी अधिक निघतो. समान संहतीवर तीव्र आम्ल पुढे, पण समान सामूवर सौम्य आम्ल पुढे. सौम्य आम्लाला ‘कमजोर’ समजण्यात चूक कोठे होते, ते या उदाहरणात स्पष्ट दिसते.

नियम जेथे अपुरा पडतो

आतापर्यंतचे विवेचन उघड्या, स्वच्छ धातूला लागू पडते. प्रत्यक्षात बहुतेक धातूंच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि अभिक्रिया कशी होणार, हे पुष्कळदा तो थर ठरवतो.

ॲल्युमिनियम क्रियाशीलता श्रेणीत जस्ताच्या वर आहे, तरी विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकल्यावर प्रारंभी ते जवळजवळ स्वस्थ असते. ऑक्साइडचा थर गेल्यावरच बुडबुडे जोर धरतात. क्लोराइड आयन हा थर फोडण्यात वाकबगार असल्यामुळे ॲल्युमिनियम विरल सल्फ्युरिक आम्लापेक्षा हायड्रोक्लोरिक आम्लात लवकर विरघळते. दोन्ही आम्ले तीव्र असूनही सोबतचा आयन कोणता, याने फरक पडतो.

लोखंड आणि नायट्रिक आम्ल यांची कथा याहून विलक्षण आहे. विरल नायट्रिक आम्ल लोखंडाला झपाट्याने खाते, पण संहत आम्लात लोखंड शांत पडून राहते. जेम्स कीर यांनी १७९० मध्ये या वर्तनाचे वर्णन केले आणि १८३६ मध्ये शॉनबाइन व मायकेल फॅरेडे यांनी त्याचा पाठपुरावा केला. लोखंडावर अतिशय पातळ असे आवरण तयार होत असावे, असा फॅरेडे यांचा तर्क होता आणि तो योग्य ठरला. या अवस्थेला धातूची निष्क्रियता म्हणतात. संहत सल्फ्युरिक आम्लही पोलादी टाक्यांत साठवता येते, कारण लोहाच्या सल्फेटचा थर टाकीला राखतो. त्याच आम्लात पाणी शिरले की थर टिकत नाही आणि पोलाद झपाट्याने झिजते. संहती वाढली की दर वाढतो, या शालेय नियमाच्या हे नेमके उलट आहे. १७४६ मध्ये बर्मिंगहॅममध्ये जॉन रोबक यांनी गंधकाम्ल बनवण्यासाठी शिशाच्या खोल्या उभारल्या, त्याही याच जातीच्या ज्ञानावर. शिशावर सल्फेटचा अविद्राव्य थर बसतो आणि आम्ल पुढे जाऊ शकत नाही.

आपल्या ताटवाट्यांचे स्टेनलेस स्टील हे या तत्त्वाचे सर्वांत घरगुती रूप. शेफील्डचे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये क्रोमियम मिसळलेल्या पोलादावर काम करताना ते व्हिनेगर आणि लिंबाच्या रसालाही दाद देत नाही, हे हेरले आणि सुऱ्या-काट्यांसाठी त्याचा पुरस्कार केला. क्रोमियमच्या ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर त्याचे रक्षण करतो आणि ओरखडा पडला तर हवेतील ऑक्सिजनने पुन्हा भरून येतो. मात्र क्लोराइड या थरालाही छिद्रे पाडते. म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल असलेला स्वच्छतागृहाचा द्रव स्टीलच्या सिंकमध्ये ओतू नये.

तांब्याची गोष्ट आणखी निराळी. ते क्रियाशीलता श्रेणीत हायड्रोजनच्या खाली असल्यामुळे हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही तीव्र असले तरी त्यातून हायड्रोजन मोकळा करण्याचे बळ तांब्यात नाही. नायट्रिक आम्लात मात्र ते तपकिरी धूर सोडत विरघळते. तेथे काम करतो तो नायट्रेट आयन, त्याची ऑक्सिडीकरणाची शक्ती. चांदीही अशीच विरघळते, सोने विरघळत नाही. कसोटीच्या दगडावर ओढलेल्या रेघेवर सराफ आम्ल टाकून पाहतो, ते याच भेदाच्या आधारे. सोन्याला विरघळवायला हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक यांचे तीनास एक मिश्रण, म्हणजे आम्लराज लागते. त्यात नायट्रिक आम्ल सोन्याचे ऑक्सिडीकरण करते आणि क्लोराइड त्याला द्रावणात बांधून ठेवते. नुसत्या तीव्रतेने येथे काहीच साधत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात

चिंचेने किंवा लिंबू-मिठाने पितळी समई लखलखते, तेव्हा आम्ल धातू विरघळवत नसते. पृष्ठभागावर साचलेला ऑक्साइडचा काळपट थर ते सोडवते आणि खालचा धातू जवळजवळ अबाधित राहतो. सौम्य आम्ल या कामाला पुरते आणि तेच योग्यही असते.

मग ताक पितळी भांड्यात कळकते कसे? आम्ल एकटे असते तर तांबे हललेही नसते. परंतु हवेतील ऑक्सिजन मदतीला येतो, तांब्याचे सावकाश ऑक्सिडीकरण होते आणि ताकातील लॅक्टिक आम्ल ते क्षार रूपाने विरघळवून घेते. दर अगदी मंद असतो, पण तासन्‌तास मुरू दिले की तांब्याची मात्रा पोटाला बाधण्याइतकी होऊ शकते. म्हणून आपल्याकडे भांड्यांना आतून कथलाची कल्हई करत. भारतातून हौसेने आणलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत येथे आमटी किंवा सोलकढी ठेवण्यापूर्वी कल्हई शाबूत आहे ना, हे पाहणे आवश्यक आहे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट पदार्थ रात्रभर ठेवू नयेत, या सांगण्यामागेही असाच कारणभाव आहे.

लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी जड असल्याने किटलीत चुन्याचा पांढरा थर बसतो. तो काढण्यासाठी सायट्रिक आम्ल किंवा व्हिनेगर सुचवले जाते, याचे कारण आता उलगडेल. कोठारातून आयन पुरवत राहणारे सौम्य आम्ल थर पुरता विरघळवते, पण मोकळ्या आयनांची गर्दी नसल्यामुळे खालच्या धातूला फारसा त्रास देत नाही.

तीव्र म्हणजे घातक, असे समीकरण नाही

गैरसमजाची सर्वांत मोठी किंमत येथे मोजावी लागते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल रसायनशास्त्राच्या व्याख्येने सौम्य आहे, त्याचे पाण्यात अंशतःच विचरण होते. तरीही ते काच खाते आणि त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियमला बांधून टाकते. सुरुवातीला वेदना फारशी जाणवली नाही, तरी परिणाम प्राणघातक होऊ शकतो. याउलट अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील क्रिस्टोफर रीड यांच्या गटाने २००४ मध्ये जाहीर केलेले कार्बोरेन आम्ल संहत सल्फ्युरिक आम्लाहून किमान दहा लाख पटींनी तीव्र आहे, पण ते काचेच्या बाटलीत सुखाने राहते. तीव्रता म्हणजे हायड्रोजन आयन देण्याची तयारी. उरलेला भाग पुढे काय करतो, यावर विध्वंस ठरतो.

ब्रिटिश कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. २०१९ च्या ऑफेन्सिव्ह वेपन्स ॲक्टनुसार दाहक पदार्थ १८ वर्षांखालील व्यक्तीस विकणे हा गुन्हा आहे. कोणते आम्ल किती संहतीपासून दाहक मानायचे, याची यादी कायद्याला जोडली आहे. सल्फ्युरिक आम्लासाठी मर्यादा १५ टक्के, हायड्रोक्लोरिकसाठी १० टक्के, नायट्रिकसाठी ३ टक्के. सौम्य गणल्या जाणाऱ्या फॉर्मिक आम्लासाठीही ती १० टक्केच आहे. आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लासाठी? शून्य टक्के. म्हणजे यादीतील सर्वांत कडक मर्यादा एका सौम्य आम्लावर आहे.

घरात पाळायचे नियम मोजकेच आहेत. आम्ल विरल करताना नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी नव्हे. आम्लयुक्त स्वच्छताद्रव आणि ब्लीच कधीही एकत्र करू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. धातू आणि आम्ल यांच्या प्रयोगात निघणारा हायड्रोजन पेट घेतो, म्हणून जवळ ज्योत नको. अंगावर आम्ल सांडल्यास दूषित कपडे जपून दूर करावेत, वाहत्या पाण्याखाली तो भाग किमान २० मिनिटे धुवावा आणि ९९९ वर फोन करावा.

थोडक्यात

मुलाने उत्तरपत्रिकेत काय लिहावे, हे आता चार वाक्यांत सांगता येईल. समान संहतीच्या तीव्र आम्लात हायड्रोजन आयनांची संहती अधिक असते. त्यामुळे दर सेकंदाला धातूच्या पृष्ठभागाशी होणाऱ्या यशस्वी टकरा वाढतात आणि अभिक्रियेचा दर वाढतो. सौम्य आम्लात विचरण अंशतः होत असल्याने दर कमी राहतो. धातूची राशी तीच आणि आम्ल पुरेसे असेल, तर निघणाऱ्या वायूचे एकूण आकारमान दोन्हींत सारखेच भरते.

उत्तर इंग्रजीतच लिहायचे आहे, हे खरे. परंतु लेखणी उचलण्यापूर्वी मुलाने मनाशी एकदा विचारावे : प्रश्न तीव्रतेचा आहे की संहतीचा? पालकांनी तो प्रश्न मराठीत विचारला, तर उत्तराचा अर्धा रस्ता तेथेच संपतो. बाथरूमच्या कपाटातील बाटलीवरचे लेबल वाचतानाही हाच प्रश्न उपयोगी पडेल, आणि त्याला तिसरा जोडून घ्यावा : या आम्लात हायड्रोजनच्या जोडीला दुसरे काय आहे?